पूज्य भदन्त ञाणपोनिक महाथेर

ज्या देशात जन्मलो तोच देश वैरी झाला, तर माणसाने जावे कोठे? भदन्त ञाणपोनिकांवर ही पाळी आली होती. त्यांचे मूळ नाव सिग्मुंड फेनिगर. जर्मनीतील हानाऊ गावी २१ जुलै १९०१ रोजी एका ज्यू कुटुंबात ते जन्मले. आईबापांचे ते एकुलते एक. वडिलांचे जोड्यांचे दुकान होते. शाळा संपताच सिग्मुंड पुस्तकांच्या दुकानात कामाला लागले, आणि वाचता वाचता भगवान बुद्धांच्या धम्मावरील ग्रंथ त्यांच्या हाती पडले. दीक्षा द्यायला जवळ कोणी भिक्खू नव्हता. विशीच्या सुमारास, स्वतःच विचार करून, ते मनाने बौद्ध झाले.

भदन्त ञाणतिलोक हे जर्मन भिक्खू लंकेत दोडन्दूवजवळच्या एका बेटावर राहतात, हे त्यांना कळले होते. जावे असे फार वाटे. पण १९३२ साली वडील वारले. विधवा आईला एकटी टाकून कसे जायचे?

१९३३ साली हिटलरची हुकूमशाही आली. ज्यूंच्या नोकऱ्या गेल्या, दुकानांवर बहिष्कार पडला, १९३५ च्या कायद्याने नागरिकत्वाचे हक्कही गेले. बहिष्कार म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. सिग्मुंडांनी आईला ऑस्ट्रियात व्हिएन्ना येथे नातलगांकडे पोहोचवले आणि १९३६ च्या आरंभी ते लंकेत दाखल झाले. त्याच वर्षी ते सामणेर झाले व १९३७ साली त्यांना उपसंपदा मिळाली.

आईला सोडून चीवर घेतले म्हणून कोणी त्यांना बोल लावील. पण १९३८ साली हिटलरने ऑस्ट्रियाही गिळला, तेव्हा याच भिक्खूने खटपट करून आईला व नातलगांना लंकेत आणवले. १९३९ साली आई कोलंबोला पोहोचली. एका सिंहली बौद्ध कुटुंबाने तिला आपल्या घरी ठेवून घेतले. पुढे त्या माउलीनेही त्रिशरण घेतले. १९५६ साली ती लंकेतच वारली.

इतक्यात महायुद्ध पेटले. जर्मनीने ज्यू म्हणून ज्यांना नकोसे केले, त्यांनाच इंग्रज सरकारने जर्मन म्हणून डांबले! प्रथम लंकेत दियतलाव येथे आणि १९४१ पासून आपल्या देशात, डेहराडूनच्या छावणीत. तारेच्या कुंपणाआड बसून त्यांनी सुत्तनिपाताचे जर्मन भाषांतर केले. १९४६ साली सुटका झाली. १९५१ साली ते लंकेचे नागरिक झाले. देश गमावलेल्या माणसाला अखेर देश मिळाला.

कँडी शहरालगतच्या उदवत्तकेले अरण्यातील आश्रमात ते राहू लागले. सतिपट्ठानावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९५४ साली प्रथम निघाला. १ जानेवारी १९५८ रोजी दोन उपासकांच्या साथीने त्यांनी बौद्ध प्रकाशन संस्था काढली. लहान लहान पुस्तिका छापायच्या आणि टपालाने देशोदेशी पाठवायच्या, असे ते काम. पुस्तकानेच धम्म भेटलेला हा माणूस. त्याला दुसरे काय सुचणार! १९८४ पर्यंत संपादनाचा भार त्यांनीच वाहिला. १९ ऑक्टोबर १९९४ रोजी, वर्षावासाच्या शेवटच्या दिवशी, त्याच अरण्यातील आश्रमात त्यांनी देह ठेवला.