मोल्सवर्थसाहेब आणि त्यांचा कोश

इंग्रजीच्या तासाकरितां कठीण शब्दांची वही आपणांपैकीं प्रत्येकाजवळ असतेच. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे एक मराठी शब्द, आणि मध्यें उभी रेघ. ‘आयडिआ’ म्हणजे कल्पना, ‘फॅन्सी’ म्हणजे कल्पना, आणि ‘इमॅजिनेशन’ म्हणजेहि कल्पनाच! पुढें कवितेवरील प्रश्नाचें उत्तर लिहावयाची वेळ आली म्हणजे ह्या तिहींपैकीं कोणता शब्द कोठें घालावा हें उमजत नाहीं, आणि गुण जातात. दोन भाषांमधील ती उभी रेघ प्रामाणिकपणें ओढणें किती बिकट आहे हें ज्यांनीं आयुष्याचीं ऐन उमेदीचीं वर्षें वेंचून अनुभविलें, अशा एका पुरुषाचें हें अल्प चरित्र आहे.

जेम्स टॉमस मोल्सवर्थ हे जातीनें इंग्रज. जन्म १७९५ चा. वयाच्या सोळाव्या वर्षीं ते कंपनी सरकारच्या फौजेंत दाखल होऊन हिंदुस्थानांत आले. शिपाईगिरी करितां करितां त्यांनीं मराठी व संस्कृत ह्या भाषांचा अभ्यास आरंभिला. १८१८ सालीं पेशवाई बुडाली आणि मराठी मुलखाचा कारभार इंग्रजांच्या हातीं गेला. रयतेची फिर्याद समजावयाची तर भाषा यावयास हवी. आणि भाषा शिकावयाची तर कोश हवा. डॉक्टर केरी ह्यांचा १८१० सालचा लहानसा कोश होता, पुढें १८२४ सालीं व्हॅन्स केनेडी ह्यांचाहि निघाला. परंतु एवढ्या मोठ्या भाषेस ते अगदींच अपुरे होते. सोलापुरास असतांना मोल्सवर्थसाहेबांनीं शब्द टिपण्यास प्रारंभ केला होता. पुढें सरकारनें तें काम रीतसर त्यांच्याकडे सोंपविलें, आणि टॉमस व जॉर्ज कँडी हे बंधु व कित्येक शास्त्रीमंडळी त्यांच्या साहाय्यास दिली.

१८३१ सालीं मराठी-इंग्रजी कोश मुंबईंत छापून निघाला. त्यांत सुमारें चाळीस हजार शब्द होते. ह्या संख्येपेक्षां त्यांची पद्धत अधिक पाहण्यासारखी आहे. ग्रंथांत सांपडणारे भारदस्त संस्कृत शब्द तेवढे घ्यावे आणि चुलीपाशीं, शेतावर व बाजारांत चालणारे गांवढळ म्हणून टाकावे, असा मोह विद्वानांस होतो. साहेबांनीं तो टाळिला. म्हणी घेतल्या, वाक्प्रचार घेतले, शिष्ट माणसें ज्यांवर नाक मुरडतील असेहि शब्द घेतले. शब्द संस्कृतांतून आला कीं फारसी-अरबींतून, हें खुणेनें दाखविलें. आणि मुख्य गोष्ट ही कीं, एका मराठी शब्दापुढें एकच इंग्रजी शब्द ठेवून ते स्वस्थ बसले नाहींत. जेथें एकानें भागेना तेथें चार दिले, आणि चारांनींहि भागेना तेथें वर्णन केलें. ‘रुसणें’ हाच शब्द घ्या. रागावणें निराळें आणि रुसणें निराळें. रुसण्यांत आपलेपणा असतो, कोणीतरी समजूत घालावयास येईल अशी आशा असते. हा भेद परक्या भाषेंत एका शब्दानें कसा सांगावा?

इंग्रजी-मराठी कोशाचें काम त्यांनीं लागलीच हातीं घेतलें, पण प्रकृति ढांसळून त्यांस मायदेशीं परतावें लागलें. तें काम कँडीसाहेबांनीं चालवून १८४७ सालीं पुरें केलें. मधल्या काळांत मोल्सवर्थांनीं लष्करी नोकरी सोडून दिली. शस्त्र धरणें आपल्या धर्मबुद्धीस मान्य नाहीं, असें त्यांस वाटूं लागलें होतें. म्हणून निवृत्तिवेतनहि त्यांनीं नाकारलें. शब्दाच्या अर्थाविषयीं जो इतका काटेकोर, तो आचरणांतहि तसाच असावा ह्यांत आम्हांस नवल वाटत नाहीं.

१८५१ सालीं सरकारनें त्यांस पुन्हां बोलावून आणिलें. पुणें व महाबळेश्वर येथें राहून त्यांनीं आपलाच कोश नव्यानें तपासला व वाढविला. ही साठ हजार शब्दांची दुसरी आवृत्ति १८५७ सालीं भायखळ्याच्या एज्युकेशन सोसायटीच्या छापखान्यांत छापिली गेली. गिरगांवांत आंब्रोळी येथें १८३२ सालीं इंग्रजी शाळा काढणारे डॉक्टर जॉन विल्सन ह्यांनीं तिला मराठी भाषेविषयीं एक विस्तृत निबंध जोडिला. ह्या कोशांत उणीवा नाहींत असें नव्हे. शास्त्रीमंडळी जें बोलतात त्याचें वजन त्यांत अधिक आहे. लालबाग-परळच्या गिरणगांवाचे शब्द तर त्यांत असणेंच शक्य नव्हतें. मुंबईची पहिली कापडगिरणी ताडदेवास चालू झाली तीच मुळीं १८५६ सालीं! ‘जॉबर’ आणि ‘बदलीवाला’ मराठींत येऊन रुळले ते मागाहून.

नऊशें पानांचें तें धूड शाळकरी मुलाच्या दप्तरांत कसें मावणार? ती अडचण बाबा पदमनजी ह्यांनीं दूर केली. ज्या सालीं मोल्सवर्थांचा कोश निघाला त्याच सालीं, म्हणजे १८३१ त, बेळगांवास जन्मलेले आणि मुंबईंत मिशनच्या शाळेंत इंग्रजी शिकलेले हे गृहस्थ पुढें मोठे ग्रंथकार झाले. त्यांनीं १८६३ सालीं मोल्सवर्थांच्या कोशाचा संक्षेप काढिला. परक्या अंमलदारांकरितां रचलेला कोश असा येथील मुलांच्या हातीं आला, आणि उलट्या दिशेनें, इंग्रजी शिकण्याकडे, त्याचा उपयोग होऊं लागला.

मोल्सवर्थसाहेब १८६० सालीं कायमचे स्वदेशीं गेले आणि १८७१ सालीं क्लिफ्टन येथें निवर्तले. इकडील लोक त्यांस मोलेसरशास्त्री म्हणत. सरकारी किताबापेक्षां ही पदवी खचित मोठी. त्यांचा कोश १९७५ सालीं पुण्यास पुनर्मुद्रित झाला, आणि शिकागो विद्यापीठानें तो संगणकावरहि सर्वांस मोफत खुला केला आहे. तेथें ‘हात’ हा एक शब्द काढून पाहावा. त्याच्याखालील वाक्प्रचारांची रांग संपेपर्यंत पडदा बराच वेळ खालीं सरकवीत राहावें लागतें.