वाक्य आणि विवेक

सातारा जिल्ह्यात कऱ्हाडनजीक टेंभू गावी १८५६ साली निर्धन कुळात जन्मलेले कै. गोपाळ गणेश आगरकर सुधारक म्हणून सर्वांस ठाऊक आहेत; वैयाकरण म्हणून फार थोड्यांस. ‘केसरी’चे संपादक या नात्याने छापिल्या शब्दांपायी १८८२ साली त्यांनी तुरुंगवास सोसला. पुढे १८८८ साली मराठी वाक्याची मीमांसा करणारा ग्रंथ लिहिला, आणि त्याच वर्षी ‘सुधारक’ पत्र काढिले. हा योग आम्ही केवळ आकस्मिक मानीत नाही. वाक्यात उद्देश्य कोणते, विधेय कोणते, हे पाहण्याची ज्याच्या बुद्धीस सवय जडली, तो रूढीसही अर्थ विचारल्यावाचून राहत नाही. बालविवाह व विधवांचे केशवपन यांस त्यांनी तोच प्रश्न केला. उत्तरादाखल सनातन्यांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढिली! १८९५ साली, वयाची एकोणचाळीस वर्षे पुरी होण्यापूर्वीच, ते निवर्तले.

साताऱ्याचा वा सांगलीचा व्यापारी दस्तऐवजातील अक्षर न् अक्षर उमगल्यावाचून सही करीत नाही. मग कन्यादानाचे शब्द तो अर्थ न जाणता कसे उच्चारितो? न समजलेला शब्द जिभेवरच राहतो, मनात उतरत नाही. आणि अशा मनुष्यास कोणीही आपल्या शब्दाने हाकावे. आगरकरांचे ऋण फेडावयाचे तर प्रत्येकाने घरच्या एका तरी विधीस आज अर्थ विचारावा.