खेळाला अंगण देणाऱ्या ताराबाई मोडक

अंगणवाडी हा शब्द आपल्या जालना जिल्ह्यात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. जाफराबादपासून परतूरपर्यंत कोणत्याही गावात जा, मारुतीच्या पाराजवळ किंवा शाळेच्या भिंतीला लागून एक खोली असते, दाराशी इवल्याशा चपलांचा ढीग असतो आणि आतून गाण्याचा आवाज येत असतो. आपल्यापैकी बहुतेकांनी पाटी हातात धरण्याआधी तिथली खिचडी खाल्लेली आहे. पण ही अंगणवाडी कोणाच्या कामातून उभी राहिली, असे मी वर्गातल्या मित्रांना सहज विचारले तेव्हा कोणी सरकारचे नाव घेतले, कोणी सावित्रीबाईंचे. ताराबाई मोडकांचे नाव एकाच्याही तोंडून आले नाही. शिक्षणशास्त्राच्या पुस्तकात त्या भेटतात, पण तिथे त्यांच्या पद्धतीची तत्त्वे एक, दोन, तीन असे आकडे घालून दिलेली असतात आणि बाई त्या आकड्यांमागे हरवून जातात. मला त्यांचे चरित्र मधल्या सुट्टीच्या बाजूने सांगायचे आहे.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. वडील सदाशिव पांडुरंग केळकर हे प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते, त्यामुळे मुलीने शिकावे की नाही हा वाद त्या घरात नव्हता. १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या बी.ए. झाल्या. त्या काळी पदवीधर स्त्रिया किती होत्या हे आठवले म्हणजे या दोन अक्षरांचे वजन कळते. पुढे अमरावतीचे वकील कृष्णराव मोडक यांच्याशी विवाह झाला, पण संसार टिकला नाही. १९२१ च्या सुमारास लहान मुलीला घेऊन त्या वेगळ्या झाल्या आणि राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजात प्राचार्य म्हणून गेल्या. या पदावर बसलेल्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. पगार चांगला, मान मोठा, राहायला जागा. एकट्या बाईने आयुष्यभर तिथेच राहायचे ठरवले असते तरी कोणी नाव ठेवले नसते.

पण त्याच काठेवाडात, भावनगरला, गिजुभाई बधेका नावाचे एक गृहस्थ वकिली सोडून लहान मुलांत रमले होते. नानाभाई भट्टांच्या दक्षिणामूर्ती संस्थेत १९२० साली त्यांनी बालमंदिर सुरू केले होते. मिशा भरघोस आणि जीव आईचा, म्हणून गुजरातेत लोक त्यांना मूछाळी मा म्हणत. मुलांना मारायचे नाही, भीती घालायची नाही, बक्षिसाचे आमिष दाखवायचे नाही आणि नंबर लावायचे नाहीत, हा त्यांचा नेम. आजही हे ऐकून पुष्कळ गुरुजींच्या कपाळाला आठ्या पडतील, मग शंभर वर्षांपूर्वी काय झाले असेल याची कल्पना करावी. ताराबाईंनी गिजुभाईंचे काम पाहिले आणि १९२३ साली प्राचार्यपद सोडून त्या भावनगरला गेल्या. लहान मुलांना शिकवणे ही कमी दर्जाची नोकरी समजली जाते. वरच्या वर्गाकडून खालच्या वर्गाकडे आपण होऊन येणारा शिक्षक मी तरी अजून पाहिलेला नाही. ताराबाई कॉलेजातून बालवर्गात आल्या.

भावनगरच्या बालमंदिराची प्रेरणा मारिया माँटेसरी यांची होती. रोमच्या गरीब वस्तीत १९०७ साली त्यांनी पहिले बालगृह उघडले, तेथील लाकडी ठोकळे, दट्ट्या, मनोरे जगभर गेले. मात्र माँटेसरीबाईंच्या घरात साधनांवरचे काम मुख्य होते. परीकथा, सोंगे, कल्पनेतले खेळ यांना त्या फारसे महत्त्व देत नसत. गिजुभाई आणि ताराबाईंनी तिथे वेगळी वाट धरली. त्यांच्या बालमंदिरात गोष्टी होत्या, लोकगीते होती, नाटके होती, बाग होती, माती होती. खेळ म्हणजे अभ्यासाने थकलेल्या जिवाला दिलेला विसावा नव्हे, लहान मूल जे काही शिकते ते खेळतच शिकते, अशी या दोघांची धारणा होती. म्हणजे घंटा वाजून सुट्टी झाल्यावर शाळा थांबते असे आपण समजतो, पण या दोघांच्या हिशेबात खरी शाळा त्याच वेळी भरत असते. १९२६ साली त्यांनी नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला. शिक्षणपत्रिकेतून ताराबाई गुजरातीत आणि मराठीत आईबापांसाठी लिहीत राहिल्या. १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झाला, शिक्षिका तयार करण्याचे अध्यापन मंदिरही चालू झाले. गिजुभाई १९३९ साली वारले. मराठी मुलखात या विचाराचा भार त्यानंतर मुख्यतः ताराबाईंवर होता.

येथवरचे चरित्र कोणत्याही थोर शिक्षणतज्ज्ञाचे असू शकते. मला ताराबाई मोठ्या वाटतात त्या इथून पुढे. दादरच्या शिशुविहारात येणारी मुले मध्यमवर्गाची. आई न्हाऊ-माखू घालून, डबा देऊन पाठवणार. अशा मुलाला खेळू द्या म्हणणे सोपे आहे, कारण त्याच्या खेळाची किंमत घरात कोणाला मोजावी लागत नाही. १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाई मुंबई सोडून तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या, आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी या समुद्रकाठच्या गावी गेल्या आणि तिथे त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. त्याच वर्षी त्या मुलखात वारल्यांचा वेठबिगारीविरुद्धचा लढा पेटला होता. मुलांचे पोट ज्या घरांत भरत नव्हते, त्या घरांतल्या मुलांना खेळ कसा द्यायचा, हा प्रश्न घेऊन ताराबाई तिथे बसल्या. सोबतीला अनुताई वाघ आल्या. तेराव्या वर्षी वैधव्य आलेल्या, शिक्षिका झालेल्या अनुताई तेव्हा पस्तिशीच्या होत्या. थोडे दिवस म्हणून आलेल्या या बाई त्या कामात जन्मभर राहिल्या.

बोर्डीत बालवाडी उघडली, पण दलित वस्तीतली मुले तिकडे फिरकेनात. दुसऱ्या कोणी असते तर या लोकांना शिक्षणाची आवडच नाही असा शेरा मारून मोकळे झाले असते. असे शेरे आपण रोज ऐकतो. ताराबाईंनी बालवाडी उचलली आणि त्यांच्या अंगणात नेली. झाडाखाली, घरांच्या मधल्या मोकळ्या जागेत, आईच्या नजरेसमोर मुले जमू लागली. आंघोळ घालायची, नखे कापायची, केस विंचरायचे, मग गाणी आणि खेळ. अंगणातली वाडी ती अंगणवाडी. या नावात शाळेचे दार कुठेच नाही, हे मला फार बोलके वाटते.

खेळण्यांचाही प्रश्न होता. माँटेसरीची साधने महाग, ती सुतारानेच बिनचूक करावी लागतात. ताराबाई-अनुताईंनी ती बाजूला ठेवून शंख-शिंपले, खडे, बिया, पाने, फुले, काटक्या आणि माती हाताशी घेतली. मोजायला खडे, रंग ओळखायला फुले, लहान-मोठे लावायला पाने. ताराबाईंना भारताच्या माँटेसरी म्हणण्याची पद्धत आहे. मला ती पटत नाही. माँटेसरीच्या कपाटाला ज्यांनी कुलूप लावून मुलांना समुद्राच्या वाळूत नेले, त्यांना दुसऱ्याचे नाव कशाला? आपल्याकडे चिंचोके, सागरगोटे, ज्वारीच्या धाटांची बैलगाडी आणि पोळ्याच्या आधी ओढ्याकाठच्या चिकणमातीचे बैल करणारी पोरे आहेतच. फरक एवढाच की आपल्या शाळा या सगळ्याला उनाडपणा म्हणतात आणि ताराबाईंनी त्याला अभ्यासक्रमात बसवले.

१९५७ साली हे काम डहाणूजवळ कोसबादच्या टेकडीवर गेले. ताराबाई तेव्हा पासष्ट वर्षांच्या होत्या. आजूबाजूला वारली पाडे. तिथे अंगणही पुरेना, कारण मुले अंगणात नसतच. थोडी मोठी झाली की ती गुरांमागे कुरणात जात. त्यांच्यामागे शिक्षकही कुरणात गेले. गुरे चरताहेत, मुले झाडाखाली खेळताहेत, त्यातच थोडे अक्षर, थोडा हिशेब. हीच कुरणशाळा. मुलींचे दुखणे आणखी वेगळे. त्यांच्या कडेवर धाकटे भावंड असे. कडेवरचे ओझे उतरल्याशिवाय मुलगी लंगडी घालू शकत नाही, ही गोष्ट सांगायला पुस्तक लागत नाही, पण ती ध्यानात घेऊन शाळेची रचना करणारे फार थोडे निघतात. ताराबाईंनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका छपराखाली आणली आणि तिला विकासवाडी हे नाव दिले. तान्हे पाळण्यात, मधले बालवाडीत आणि बहीण वर्गात. मधल्या सुट्टीत तिने मोकळ्या हातांनी धावायचे, पुन्हा त्याच आवारात भावाला बघून यायचे.

हे वाचताना मला माझी आई आठवत होती. ती घनसावंगीकडच्या एका खेड्यातली. चौथीपर्यंत शिकली. शाळेत ती मामाला कडेवर घेऊनच जायची, सुट्टीत मुली ठिकरीचे घर आखत तेव्हा ही भिंतीशी बसून त्याला जोजवत असे. आजही ती सागरगोटे खेळू शकत नाही. शिकलीच नाही. घरात कोणी वाईट नव्हते. आजी कापूस वेचायला जात होती आणि पोर दुसरे कोणी सांभाळणार नव्हते. आईच्या शिक्षणाबद्दल हळहळणारे नातेवाईक पुष्कळ आहेत. तिच्या खेळाबद्दल मात्र मी कोणाला हळहळताना ऐकलेले नाही.

आणि ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. दसरा-दिवाळी उलटली की अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या भागांतून मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे साखर कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटे उसाच्या फडात गेलेली आई येईपर्यंत कोपीतले तान्हे आठ-नऊ वर्षांच्या मुलीच्या हवाली असते. अशा मुलांसाठी साखरशाळा निघाल्या, गावोगाव हंगामी वसतिगृहे झाली, त्यांनी काही मुले शाळेत टिकली हे खरे. पण कोपीतल्या त्या मुलीच्या कडेवरचे पोर कोणी घ्यायचे, हा प्रश्न ताराबाईंनी जिथे सोडवला होता तिथून आपण मागे सरकलो आहोत, असे मला वाटते. फडाच्या कडेला एक सावलीची जागा, एक बाई, एक झोळी आणि थोडी माती, एवढेच तर कोसबादच्या हिशेबाने लागते.

जी मुले गावातच राहतात, त्यांचेही फार बरे चालले आहे असे नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेला मैदान आणि खेळाचे साहित्य आवश्यक ठरवले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांच्या मुलांचे शिक्षण खेळातून व्हावे असे लिहून ठेवले. कागदावर ताराबाई जिंकल्या आहेत. पण परीक्षा जवळ आली की वेळापत्रकातून पहिला बळी खेळाच्या तासाचा जातो, गृहपाठ न केलेल्या मुलाला शिक्षा म्हणून मधल्या सुट्टीत वर्गात बसवले जाते, आणि मैदान असले तरी त्यावर मोठ्या मुलांचे क्रिकेट चालते व मुली व्हरांड्यात डबे धूत उभ्या असतात. आपल्यापैकी अनेक जण पुढे बी.एड. करून याच शाळांत जाणार आहेत, म्हणून हे इथे लिहिले.

ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या वारल्या. दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या ३३ ठिकाणी सुरू केली आणि अंगणवाडी हा शब्द बोर्डीच्या वस्तीतून निघून पुढे देशभर पोचला. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, आईला सल्ला आणि शाळापूर्व शिक्षण अशी कितीतरी कामे त्या एका खोलीत आली. ती सगळी गरजेची आहेत. मात्र सेविकाताईंच्या दिवसात वजने, आहाराचे वाटप आणि नोंदी उरकल्यावर जो वेळ राहतो, तेवढाच गाण्याला आणि खेळाला मिळतो.

कोसबादला अनुताईंनी ताराबाईंच्या मागे एकोणीस वर्षे काम चालवले. १९८५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्या गेल्या. कोसबादच्या टेकडीवरून हे त्यांचे आत्मकथन ज्यांना ताराबाई जवळून पाहायच्या असतील त्यांनी अवश्य वाचावे. त्यात कुरणशाळा आहे, वारली पाडे आहेत आणि सकाळी उठून मुले गोळा करायला निघालेल्या दोन बाया आहेत.