नांगराने घडविलेला उद्योजक

मालाची जाहिरात कशी करावी आणि लहान धंदा मोठा कसा करावा, हे सांगणाऱ्या पुस्तकांची आज वाण नाही. परंतु असे कोणतेही पुस्तक हाताशी नसताना हे शास्त्र स्वतःच्या अनुभवातून सिद्ध करणारा एक उद्योजक मराठी मुलुखात होऊन गेला. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे त्यांचे नाव.

२० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे त्यांचा जन्म झाला. चित्रकार होण्याच्या इच्छेने ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. मात्र काही रंग नीट ओळखता येत नसल्याने तो मार्ग खुंटला. मग ते यंत्रांच्या आरेखनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत शिक्षक झाले. हक्काची बढती डावलली गेली तेव्हा नोकरीवर पाणी सोडून त्यांनी बेळगाव गाठले. तेथे बंधू रामुअण्णांसह सायकलींचे दुकान चालविता चालविता त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र व लोखंडी नांगर तयार केला.

खरी कसोटी यापुढेच होती. लोखंडामुळे जमीन विषारी होते, असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिला नांगर विकला जाण्यास सुमारे दोन वर्षे लागली. भांडवल तुटपुंजे, माल पडून आणि गिऱ्हाईक साशंक, अशा अवस्थेत पुष्कळांनी धंदा गुंडाळला असता. लक्ष्मणरावांनी गिऱ्हाइकाला अडाणी ठरविले नाही. नांगराचा फाळ लवकर झिजू नये, यासाठी ते ओतकामात सुधारणा करीत राहिले. शंका दूर करण्याचे काम अखेर शेतातल्या नांगरटीनेच केले.

तोच दुसरा आघात झाला. नव्या वसाहतीसाठी बेळगाव नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडावयास लावली. या प्रसंगी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला धावून आले. त्यांनी संस्थानातील कुंडल रोड स्थानकाजवळ जमीन दिली व कर्जाऊ रक्कमही उपलब्ध करून दिली. जागा निवडुंगाने माजलेली आणि सापांनी भरलेली होती. पण रेल्वे शेजारी असल्याने कच्चा माल आणणे व तयार माल देशभर धाडणे शक्य होते. १९१० मध्ये तेथे किर्लोस्करवाडी वसली. कामगारांच्या घरांची सोय झाली आणि या वसाहतीत अस्पृश्यतेला थारा मिळाला नाही.

पहिल्या महायुद्धात परदेशी मालाची आवक घटली आणि देशी नांगराला मागणी वाढली. १९२० मध्ये पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक सुरू केले. मालाची माहिती ग्राहकांपर्यंत पोहोचविणारे हे पत्रक पुढे विचारप्रवर्तक मासिक म्हणून नावारूपाला आले. आधी वाचकाला उपयुक्त काही द्यावे, मग मालाविषयी बोलावे, ही रीत तेव्हा नवीच होती. पुढे उसाचे चरक, लोखंडी फर्निचर व पाण्याचे पंप अशी उत्पादनांची मालिका वाढत गेली. या प्रत्येक वस्तूची गरज शेतात वा घरात आधीच होती.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. छोट्या उद्योजकाने त्यांच्या चरित्रातून एक हिशेब अवश्य ध्यानी घ्यावा. पहिल्या नांगराने त्यांना दोन वर्षे थांबविले. पण त्या काळात सुधारलेल्या मालामुळेच पुढची गिऱ्हाइके विश्वासाने आली. विक्री रखडली की जाहिरातीचा खर्च वाढविण्याआधी गिऱ्हाईक नेमके कशाला कचरते, हे विचारण्यास पैसे पडत नाहीत.