विश्लेषण : स्क्रीनवर २२५, मांस मात्र कच्चे! थर्मामीटर खरे बोलावेत म्हणून झटणारे फॅरनहाइट कोण होते?

स्मोकरच्या कंट्रोलरवरचा आकडा चुकतो तेव्हा जी तपासणी करावी लागते, तिची रीत तीनशे वर्षांपूर्वी एका पळपुट्या शिकाऊ मुलाने घालून दिली. त्याच्याच नावाचा आकडा आपण आजही ताप मोजताना वापरतो.

अमेरिकेत घरामागच्या अंगणात ‘स्मोकर’ असणे नवलाचे नाही. कोळसा आणि लाकडाच्या धुरावर मांस तासन् तास मंद शिजवणारी ही बंद भट्टी. आता तिला ऑटोमॅटिक कंट्रोलर जोडतात. २२५ अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण १०७ अंश सेल्सियस, असे एकदा ठरवून दिले की भट्टीतला प्रोब तापमान मोजत राहतो. ते कमी पडले तर छोटा पंखा निखाऱ्यांना वारा घालतो, जास्त झाले तर थांबतो. माणूस झोपला तरी काम चालू.

अट एकच, प्रोबने खरे सांगितले पाहिजे. तो ३० अंश जास्त दाखवत असेल तर पंखा लवकर थांबेल आणि भट्टी १९५ वरच रेंगाळेल. स्क्रीनवर मात्र सगळे सुरळीत दिसेल. कोंबडीचे मांस आतून किमान १६५ अंशांपर्यंत तापले पाहिजे, असे अमेरिकी कृषी विभाग सांगतो. मांसात खुपसलेला प्रोबच १५ अंश जास्त बोलत असेल, तर १५० अंशांवर उतरवलेली कोंबडी ताटात येते. त्यातून पोट बिघडले तर दोष मसाल्यावर जातो.

मग आकडा खोटा आहे हे ओळखायचे कसे? ज्या एककात तो आकडा दिसतो, त्या एककाच्या जनकाने जवळपास सगळे आयुष्य याच प्रश्नात घालवले.

फॅरनहाइट कोण होते?

डॅनियल गॅब्रिएल फॅरनहाइट यांचा जन्म २४ मे १६८६ रोजी डान्झिग येथे झाला. हे बंदर आज पोलंडमध्ये ग्दान्स्क या नावाने ओळखले जाते. घर जर्मन भाषक व्यापाऱ्यांचे. १४ ऑगस्ट १७०१ रोजी आई-वडील दोघेही एकाच दिवशी गेले. कारण, विषारी अळंबी. पाच भावंडांत थोरला डॅनियल तेव्हा १५ वर्षांचा होता. पालकत्व आलेल्यांनी धाकट्या चौघांची सोय इतर घरांत केली आणि डॅनियलला व्यापार शिकायला ॲमस्टरडॅमला धाडले.

चार वर्षे त्याने हिशेबाच्या वह्या सांभाळल्या. पण शहरात काच फुंकणारे आणि मोजमापाची उपकरणे करणारे कारागीर होते, मन तिकडे ओढले. शेवटी तो उमेदवारी सोडून पळाला. चिडलेल्या पालकांनी १७०७ मध्ये त्याला पकडून डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजावरून पूर्वेकडच्या वसाहतींत पाठवून देण्याची परवानगी मिळवली. म्हणजे विशीतल्या फॅरनहाइट यांच्या मागे अटकेची टांगती तलवार होती. ते एका गावातून दुसऱ्या गावात फिरत राहिले, आणि वाटेत उपकरणे करणाऱ्यांना व शास्त्रज्ञांना भेटत गेले.

कोपनहेगनमध्ये काय पाहिले?

१७०८ मध्ये ते कोपनहेगनला ओले रोमर यांच्याकडे पोहोचले. प्रकाशालाही वेग असतो, हे दाखवणारे खगोलशास्त्रज्ञ ते हेच. तेव्हा ते शहराचे महापौरही होते. त्या दिवशी रोमर यांनी अनेक थर्मामीटर एकत्र बर्फाच्या पाण्यात उभे केले होते. तिथे पातळीची खूण केली. मग तेच थर्मामीटर शरीराइतक्या कोमट पाण्यात बुडवून दुसरी खूण केली. आकडे या दोन खुणांवरून ठरले : बर्फाला साडेसात, शरीराला साडेबावीस.

यात नवल काय, असे आज वाटेल. पण तोवर थर्मामीटर ज्याचा त्याचा असे. कारागीर आपल्या मर्जीने नळीवर रेघा मारी, आणि एका शहरातल्या दहा अंशांचा दुसऱ्या शहरातल्या दहा अंशांशी काही संबंध नसे. रोमर यांच्या कृतीत महत्त्वाचे होते ते हे की उपकरणावर आकडा टाकण्याआधी त्याला निसर्गातल्या ठरलेल्या जागी नेऊन उभे केले जात होते.

फॅरनहाइट यांनी ही रीत उचलली. अपूर्णांक गैरसोयीचे, म्हणून आकडे चौपट केले. साडेसातचे ३० झाले, साडेबावीसचे ९०. पुढे त्यांनी ते ३२ आणि ९६ केले. ३२ हा आकडा असा विचित्र का, याचे उत्तर कारागिराच्या हातात आहे. ३२ ते ९६ मध्ये ६४ अंश येतात, आणि कोणतेही अंतर सहा वेळा निम्मे करत गेले की ६४ सारखे भाग पडतात. नळीवर रेघा आखणाऱ्याला यापेक्षा सोपे काय हवे?

दोन थर्मामीटर, एकच आकडा

१७१४ मध्ये फॅरनहाइट यांनी हाले येथील प्राध्यापक ख्रिस्टियान वोल्फ यांना अल्कोहोल भरलेले दोन थर्मामीटर दिले. दोन्ही जवळजवळ अगदी सारखाच आकडा दाखवत. वोल्फ इतके चकित झाले, की त्यांनी त्यावर एका विद्वत्पत्रिकेत लेखच लिहिला. दोन थर्मामीटर एकसारखे बोलतात ही त्या काळी खरोखर बातमी होती.

त्यानंतर त्यांनी पाऱ्याकडे मोर्चा वळवला. पारा वापरणारे ते पहिले नव्हते, पण तो इतक्या नेटकेपणाने त्यांच्याआधी कोणी वापरला नव्हता. अल्कोहोल ७८ अंश सेल्सियसलाच उकळते, त्यामुळे उकळत्या पाण्याचे तापमान त्याने मोजणे अडचणीचे. पारा ३५० च्या पुढेही द्रव राहतो. मात्र अशुद्ध पारा काचेला चिकटतो आणि नळीत अडखळतो. तो स्वच्छ करण्याची पद्धत फॅरनहाइट यांनी बसवली आणि नळ्या स्वतः फुंकल्या. स्मोकरवाल्यांसाठी यात एक साधी सूचना दडलेली आहे. प्रोबवर चरबी आणि काजळीचा थर बसला, की उष्णता आत पोहोचायला वेळ लागतो आणि आकडा मागे पडतो. आधी प्रोब पुसावा, मग बाकीच्या शंका घ्याव्यात.

चूक नेमकी कुठे शोधली?

त्यांच्या आयुष्यातला हा सर्वात रंजक भाग. लायडनचे प्रख्यात वैद्य आणि रसायनशास्त्राचे अध्यापक हर्मान बोरहावे यांच्यासाठी फॅरनहाइट यांनी एक पाऱ्याचा आणि एक अल्कोहोलचा थर्मामीटर केला. दोन्हींवर खुणा नीट, कारागिरी उत्तम. तरीही मधल्या तापमानांना आकडे तंतोतंत जुळेनात. ज्यांची ख्यातीच जुळणाऱ्या थर्मामीटरांची, त्यांच्यासाठी ही नामुष्की होती.

फॅरनहाइट यांनी शोध घेतला आणि बोट काचेवर ठेवले. दोन्ही नळ्यांची काच एका प्रकारची नव्हती. वेगवेगळ्या ठिकाणची काच तापल्यावर कमी-जास्त प्रसरण पावते, आणि आतल्या द्रवाची पातळी त्यानुसार बदलते. मोजणाऱ्या पदार्थाइतकेच त्याचे भांडेही मोजमापात भाग घेते, हे त्यांनी ओळखले. आज कळते की कारण तेवढेच नव्हते. अल्कोहोल आणि पारा तापल्यावर एकाच प्रमाणात फुगत नाहीत. दोन टोकांना जुळवले तरी मध्ये त्यांच्यात फरक पडतोच.

आता कंट्रोलरकडे या. अनेक प्रोबमध्ये थर्मिस्टर असतो. तापमान वाढले की त्याचा विद्युतरोध घटतो, पण सरळ रेषेत नाही, वक्र रेषेत. कंट्रोलरला ही वक्ररेषा आधीच शिकवलेली असते. दुसऱ्या कंपनीचा प्रोब त्याच पिनमध्ये सहज बसतो, आकडाही दिसतो, पण वक्ररेषा वेगळी असेल तर तो एका तापमानाला बरोबर आणि दुसऱ्याला भलतीकडे. प्रोब बदलल्यानंतर आकडे बिघडले असतील तर सेटिंगमध्ये प्रोबचा प्रकार पाहावा, याचे कारण हेच. बोरहावे यांच्या टेबलावरचा तो घोळ आज असा खिशात मावणाऱ्या तारेत आला आहे.

पाणी नेहमी २१२ अंशांनाच उकळते का?

फ्रान्सच्या आमोंतों यांनी लिहिले होते की उकळते पाणी एका ठरावीक तापमानाला थांबते. फॅरनहाइट यांनी ते स्वतः मोजून पाहिले आणि २१२ हा आकडा नोंदवला. पण ते मोजत राहिले, म्हणून एक गोष्ट हाती लागली. हवेचा दाब बदलला की उत्कलनबिंदूही सरकतो. त्यावरून उकळत्या पाण्याचे तापमान मोजून हवेचा दाब सांगणाऱ्या उपकरणाची कल्पनाही त्यांनी १७२४ मध्ये मांडली.

प्रोबची गरम टोकाची चाचणी करणारे अनेक जण नेमके हे विसरतात. उंची ३०० मीटरने वाढली की पाणी साधारण एक अंश सेल्सियस आधी उकळते. डेन्व्हर शहर सुमारे १६०० मीटरवर आहे. तिथे पाणी जवळपास २०३ अंश फॅरनहाइटला उकळते, आणि २१२ न दाखवणारा तिथला प्रोब अगदी प्रामाणिक असतो. महाबळेश्वरला हा आकडा साधारण २०४ येईल.

थंड टोकाची चाचणी बर्फाच्या पाण्यात करतात. ३२ अंश अपेक्षित. इथेही फॅरनहाइट यांचा अनुभव कामाचा आहे. १७२१ मध्ये त्यांना दिसले की बंद काचगोळ्यातले पाणी ३२ च्या बरेच खाली जाऊनही गोठत नाही, आणि हलवले की झपाट्याने बर्फ होते. नुसते थंड पाणी भरवशाचे नाही, बर्फ आणि पाणी दोन्ही एकत्र हवेत. पेला चुरलेल्या बर्फाने भरून त्यात थोडेच पाणी घालावे, ढवळावे आणि प्रोबचे टोक मधोमध धरावे. तार जिथे धातूला जोडलेली असते तो सांधा मात्र बुडवू नये, पाणी आत शिरले की प्रोब वेडेवाकडे आकडे दाखवू लागतो.

दोन्ही टोकांना सारखीच चूक निघाली तर कंट्रोलरमधली दुरुस्ती तेवढ्या अंशांनी सरकवावी. एका टोकाला बरोबर, दुसऱ्याला चूक असेल तर प्रोबचा प्रकार किंवा प्रोबच संशयित. दोन्हीकडे बरोबर असेल तर प्रोब निर्दोष आहे, चुकली ती जागा. थंड मांसाला चिकटून ठेवलेला प्रोब मांसाभोवतीची गार हवा मोजतो. निखाऱ्यांसमोर ठेवलेला त्यांची थेट धग मोजतो. झाकणावरची गोल तबकडी तर जाळीपासून दूर, वर असते. तिचा आकडा जाळीवरच्या प्रोबशी जुळला नाही म्हणून कोणी एक बिघडला, असे होत नाही.

मान मिळाला, पैसा?

१७१८ पासून फॅरनहाइट ॲमस्टरडॅममध्ये उपकरणे बनवत आणि रसायनशास्त्रावर व्याख्याने देत. १७२४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सदस्य केले, आणि त्याच वर्षी तिच्या नियतकालिकात त्यांचे लॅटिनमधील पाच निबंध छापून आले. विद्यापीठाची पदवी नसलेल्या, कधीकाळी पकडून जहाजावर घालायला निघालेल्या माणसासाठी ही मोठीच मजल. पैसा मात्र जमला नाही. ते अविवाहित राहिले. पाणथळ जमिनीतले पाणी उपसणाऱ्या यंत्राच्या पेटंटसाठी धडपडत असताना हेग येथे ते आजारी पडले आणि १६ सप्टेंबर १७३६ रोजी, वयाच्या ५० व्या वर्षी वारले. अंत्यविधी चौथ्या दर्जाचा झाला, निर्धनांसाठी असलेला.

९६ चे ९८.६ कसे झाले?

फॅरनहाइट यांच्या मोजपट्टीवर निरोगी माणसाचे तापमान ९६ होते. आपल्याकडे मात्र डॉक्टर ९८.६ म्हणतात. मधल्या काळात माणसे तापली नाहीत, मोजपट्टी सरकली. शरीराचे तापमान दिवसभर बदलते, त्यावर खूण ठेवणे धोक्याचे. पुढे ते सोडून बर्फाचे ३२ आणि उकळत्या पाण्याचे २१२ हेच दोन खुंटे पक्के झाले, आणि शरीराचा आकडा आपोआप वर गेला.

उकळत्या पाण्याचा खुंटाही सहजी पक्का झाला नाही. भांड्याच्या तळाशी एक आकडा, वर दुसरा, जोरात उकळताना तिसरा. १७७६ मध्ये रॉयल सोसायटीने हेन्री कॅव्हेंडिश यांच्या नेतृत्वाखाली सात जणांची समिती नेमली. वर्षभराने तिने सांगितले की थर्मामीटर पाण्यात न बुडवता झाकलेल्या भांड्यातल्या वाफेत धरावा आणि हवेचा दाब लक्षात घ्यावा. घरी प्रोब तपासताना एवढी तयारी कोणी करत नाही. खळखळ उकळी आणावी, टोक पाण्याच्या मधोमध ठेवावे, पातेल्याच्या तळाला आणि कडेला लागू देऊ नये. आकडा स्थिर व्हायला अर्धा मिनिट द्यावा, मग वाचावा.