कर्णा आणि शंकू : पीटर जेन्सन

पीटर जेन्सन यांचा जन्म १८८६ सालचा, डेन्मार्कमधला. कॅलिफोर्नियात एडविन प्रिडॅम यांच्यासोबत त्यांनी चुंबकातल्या तारेच्या वेटोळ्याने पडदा हलवणारा ध्वनिवर्धक बनवला आणि त्याला कर्णा जोडला. कर्ण्यामुळे थोडक्या विजेत आवाज दूर जाई, पण खर्ज हरवे. खर्ज हवा तर कर्णा अवाढव्य लागे.

१९१९ मध्ये सॅन दिएगोत अध्यक्ष विल्सन सुमारे ५० हजार लोकांपुढे याच यंत्रावर बोलले. डोकेदुखीने ते बेजार होते; दोनच आठवड्यांत पक्षाघाताचा झटका आला. घशावरचा ताण यंत्राने हलका केला, रक्तवाहिन्यांवरचा कोण करणार?

पुढे अ‍ॅम्प्लिफायर सुधारले. १९२७ मध्ये जेन्सन यांनी स्वतःची कंपनी काढली, कागदी शंकूचे स्पीकर बनवले. त्यांना वीज जास्त लागे, आवाज मात्र भरदार येई. जेन्सन १९६१ मध्ये वारले. सभा-मिरवणुकांत कर्णा अजून आहेच.