बल्बवाला नव्हे, बॅटरीवाला एडिसन

डिसेंबरचा शेवटचा आठवडा. पुण्याहून रेवदंड्याला जायचा बेत ठरलाय. ग्रुपमधल्या एकाच्या बाबांनी इलेक्ट्रिक कार द्यायचं कबूल केलंय आणि व्हॉट्सॲपवर एकाच विषयावर काथ्याकूट चाललाय: पोहोचू ना? कंपनीने सांगितलेला आकडा एक, डॅशबोर्डवर दिसतो तो दुसरा. त्यात कुणीतरी नॉर्वेतला व्हिडिओ टाकलाय. बर्फात गाडी बंद पडेपर्यंत चालवतात आणि मग तिसराच आकडा सांगतात. हिवाळ्यात रेंज पडते म्हणे!

पडते, हे खरं आहे. पण ही भानगड आजची नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी एका माणसाने याच प्रश्नापायी आयुष्याची दहा वर्षं घालवली. त्याचं नाव तुम्हाला शाळेपासून पाठ आहे. थॉमस अल्वा एडिसन.

हो, तोच तो बल्बवाला. आणि हो, तुमच्या फॅमिली ग्रुपवर दर सहा महिन्यांनी येणारी ती गोष्ट, शाळेने आईला चिठ्ठी पाठवली आणि आईने ती खोटी वाचून दाखवली, तिला कसलाही पुरावा नाही. ती सोडून द्या. दुसरी गोष्ट मात्र खरी आहे, फक्त आपण ती चुकीच्या वस्तूला चिकटवतो. हजारो प्रयोग फसले, तरी एडिसन म्हणाला की काय चालत नाही ते तरी कळलं. आपण समजतो हे बल्बचं आहे. त्याच्या हयातीत, १९१० साली निघालेल्या चरित्रात त्याच्या सहकाऱ्याने सांगितलेला हा प्रसंग बॅटरीच्या प्रयोगांचा आहे, आणि तोवर नऊ हजारांवर प्रयोग झाले होते.

बॅटरीपर्यंत यायच्या आधीचं आयुष्य भरभर सांगते. जन्म ११ फेब्रुवारी १८४७, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या मिलान गावी. शाळा जेमतेम काही महिने, पुढचं शिक्षण आईकडे. लहानपणापासून ऐकू कमी यायचं. बारा-तेराव्या वर्षी पोर्ट ह्युरन ते डेट्रॉइट रेल्वेत पेपर आणि खाऊ विकायचा, आणि सामानाच्या डब्यात रसायनांचे प्रयोग करायचा. मग तारायंत्रावर नोकरी. १८७७ मध्ये फोनोग्राफ, १८७९ मध्ये टिकाऊ बल्ब, १८८२ मध्ये न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर वीजकेंद्र. पस्तिशीतच जगप्रसिद्ध. पुस्तकातला धडा साधारण इथे संपतो. त्यानंतर तो आणखी जवळपास पन्नास वर्षं जगला, आणि त्यातला बराच काळ अपयशाचा होता, हे धड्यात येत नाही.

१८९० च्या दशकात त्याने कमी प्रतीच्या दगडातून चुंबकाने लोखंड वेगळं काढायचा प्रचंड कारखाना उभारला. तो बुडाला आणि एडिसनने कमावलेला बराच पैसा त्यात गेला. वय बावन्न. एखाद्याने निवृत्तीचं बघितलं असतं. याने बॅटरी हातात घेतली.

का? तर १९०० च्या सुमारास अमेरिकेत साधारण तीनातली एक मोटार विजेवर चालत होती. वाफेच्या गाडीत पाणी तापायची वाट बघा, पेट्रोलच्या गाडीचं हँडल मारून हात मोडून घ्या, त्यापेक्षा बटण दाबलं की निघणारी गाडी कुणाला नको होती? अडचण एकच, आजच्यासारखीच. बॅटरी. तेव्हाची बॅटरी शिशाची, आत गंधकाम्ल. जड, धोकादायक, आणि लवकर मान टाकणारी. एडिसनला आम्लाऐवजी अल्कली वापरायची होती. एका बाजूला निकेल, दुसऱ्या बाजूला लोखंड, मध्ये पोटॅश, आणि काचेऐवजी पोलादी डबा. स्वीडनमध्ये वाल्डेमार युंगनर नावाचा एक तरुण त्याच सुमारास जवळजवळ हेच करत होता. दोघांची पेटंटवरून जुंपलीही. युंगनरने पुढे लोखंडाच्या जागी कॅडमियमचा मार्ग धरला. थंडीत ती जोडी लोखंडापेक्षा बरी चालते. योगायोग म्हणा हवं तर, पण माणूस थंड मुलखातला होता.

एडिसनचा एक दोष इथे सांगायलाच हवा. वस्तू तयार व्हायच्या आधीच तो पेपरवाल्यांना ती तयार झाल्याचं सांगायचा. १९०१ मध्ये बॅटरीची कंपनी निघाली. १९०३ च्या आसपास माल बाजारात आला, आणि गिऱ्हाइकांच्या तक्रारी सुरू झाल्या. डबे सांध्यांतून गळायला लागले. त्याहून वाईट म्हणजे क्षमता भराभर उतरायला लागली. आज जेवढी गाडी पळाली तेवढी दोन महिन्यांनी पळेना. आता दोन वाटा होत्या. गिऱ्हाइकाला सांगायचं, तुम्ही नीट चार्ज करत नाही. किंवा माल परत घ्यायचा. त्याने उत्पादन थांबवलं, सदोष बॅटऱ्या परत घेतल्या आणि पुन्हा प्रयोगशाळेत जाऊन बसला. माझ्या मते बल्बपेक्षा हा त्याच्या आयुष्यातला मोठा दिवस होता. तुमच्या पुस्तकात तो नाही.

पुढची पाच वर्षं गेली पातळ निकेलच्या पापुद्र्यांत, नळ्यांत, पोटॅशच्या मिश्रणांत. बॅटऱ्या खडबडीत रस्त्यांवरून गाड्यांत घालून पळवल्या. १९०९ मध्ये सुधारलेली बॅटरी आली आणि ती खरोखर दणकट निघाली. डेट्रॉइट इलेक्ट्रिक नावाच्या तेव्हाच्या लोकप्रिय गाडीत ती जादा पैसे मोजून मिळायची. त्या गाडीची जाहिरात एका चार्जमध्ये ८० मैलांची, म्हणजे साधारण १३० किलोमीटरची. आणि एका चाचणीत ती २११ मैल, म्हणजे जवळपास ३४० किलोमीटर गेली! थांबा, लगेच फॉरवर्ड करू नका. गाडीचा वेग होता ताशी बत्तीस किलोमीटरच्या आसपास. इतक्या हळू चालवली तर तुमचीही गाडी स्क्रीनवरच्या आकड्याच्या पुढे जाईल. चाचणीतली रेंज आणि रस्त्यावरची रेंज ही दोन वेगळी माणसं आहेत, हे तेव्हाही खरं होतं.

आता थंडी. एडिसनची ही बॅटरी उलटी चार्ज झाली, पार रिकामी झाली, आदळली, तरी टिकायची. फक्त एक गोष्ट तिला सोसायची नाही. गारठा. पारा उतरला की ती मलूल व्हायची. का, ते समजायला प्रयोगशाळा नको, तुमच्या बाथरूममधली खोबरेलाची बाटली पुरे. पुण्यात जानेवारीत सकाळी ती थिजते. तेल कुठे गेलेलं नसतं, बाटली भरलेलीच असते, पण हवं तेव्हा हवं तेवढं बाहेर येत नाही. बॅटरीचंही असंच. आतली वीज नाहीशी होत नाही. आतली रासायनिक क्रिया मंदावते आणि वीज बाहेर यायला विरोध वाढतो. रासायनिक क्रियेचा वेग तापमानावर कसा अवलंबून असतो, याचं गणित स्वांते अऱ्हेनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १८८९ मध्ये मांडलं होतं. म्हणजे एडिसनने बॅटरीला हात घालायच्या आधीच. निसर्गाने नियम सांगून ठेवला होता, सवलत मिळणार नव्हती.

हा नियम एडिसनला सगळ्यात महागात पडला तो मित्रापायी. हेन्री फोर्ड. १८९६ मध्ये दोघं पहिल्यांदा भेटले तेव्हा फोर्ड एडिसनच्याच नावाच्या वीज कंपनीत इंजिनिअर होता आणि फावल्या वेळात पेट्रोलची गाडी बनवत होता. विजेच्या या बादशहाने त्याला प्रोत्साहन दिलं, पेट्रोलचं! पुढे फोर्डची मॉडेल टी तुफान चालली. १९१२ मध्ये कॅडिलॅकमध्ये बटणाने सुरू होणारं इंजिन आलं आणि हँडल मारायची कटकट गेली. फोर्डलाही तसा स्टार्टर हवा होता, बॅटरी अर्थात एडिसनची. पण इंजिनाला पहिला हिसका द्यायला क्षणात भरपूर करंट लागतो, तोही गोठवणाऱ्या सकाळी. तिथे एडिसनची बॅटरी कमी पडली. ते काम त्याच जुन्या, जड, गंधकाम्लाच्या बॅटरीने पटकावलं. तुमच्या घरच्या पेट्रोल गाडीच्या बॉनेटखाली आजही बहुधा तिचीच नात बसलेली असेल. १९१४ च्या सुमारास फोर्ड आणि एडिसन मिळून स्वस्त इलेक्ट्रिक कार काढणार अशा बातम्या आल्या, एक-दोन नमुनेही बनले. गाडी बाजारात आलीच नाही.

आजच्या लिथियमच्या बॅटरीचा नियमही तोच, फक्त शिक्षा सौम्य. नॉर्वेतल्या ऑटोमोबाइल फेडरेशनने २०२० च्या हिवाळ्यात वीस इलेक्ट्रिक गाड्या पळवल्या, तेव्हा त्या अधिकृत आकड्यापेक्षा सरासरी पाचवा हिस्सा कमी धावल्या. त्यातला सगळा दोष बॅटरीचा नाही. पेट्रोल इंजिन अर्ध्याहून जास्त इंधन उष्णता म्हणून फुकट घालवतं, त्यामुळे त्या गाडीत हीटर फुकट. इलेक्ट्रिक गाडीत उष्णता विकत घ्यावी लागते. ओस्लोच्या ट्रॅफिकमध्ये हीटर तीन किलोवॉट ओढत असेल, तर गाडी रेंगाळत असताना तो जवळपास मोटरइतकीच वीज खातो.

आणि आता या, रेवदंड्याला. आपल्याकडे डिसेंबरात दुपारी तिशीच्या आसपास, रात्री सतरा-अठरा अंश. हीटर कोण लावतंय? एसीही बंद ठेवून काचा खाली करता येतात. म्हणजे गंमत बघा, ज्या हिवाळ्याने नॉर्वेवाले घाबरतात तो कोकणात इलेक्ट्रिक गाडीचा सुगीचा काळ आहे. आपली रेंज पडते मे महिन्यात, एसीने.

तुमची खरी परीक्षा थंडी नाही, घाट आहे. पुण्याहून खोपोली, पेण, वडखळ, अलिबाग, चौल करत किल्ल्याच्या दरवाजातून रेवदंड्यात शिरेपर्यंत सुमारे १६० किलोमीटर होतात. जाताना घाट उतरायचा, तेव्हा थोडी वीज परतही मिळते. परतीच्या वाटेवर खोपोलीहून लोणावळ्याला साडेपाचशे मीटर चढायचं असतं. माणसं आणि सामान धरून पावणेदोन टनांच्या गाडीला नुसती उंची गाठायला अडीच ते तीन युनिट जास्तीचे लागतात. युनिटला सहा-सात किलोमीटर धरले तर पंधरा-वीस किलोमीटरची रेंज त्या चढातच गेली. शिवाय एक्स्प्रेसवेवर शंभराने पळालात तर वाऱ्याचा विरोध वेगळा. पुण्यातल्याच एआरएआय या संस्थेत रोलरवर, ठरलेल्या वेगात गाडी तपासून जो आकडा मिळतो त्यात बोरघाट नसतो. २०२० मध्ये आलेल्या टाटा नेक्सॉन ईव्हीचा प्रमाणित आकडा ३१२ किलोमीटर होता. रस्त्यावर ती चालवणाऱ्यांचे आकडे बहुतेक दोनशे ते अडीचशेच्या घरातले. तेव्हा प्रमाणित आकड्याचा दोन तृतीयांश धरा आणि निघा. रेवदंड्यात जिथे उतराल तिथे पंधरा अँपिअरचा पॉइंट आहे का, हे खोली बुक करतानाच विचारा. रात्रभरात तीस युनिटची बॅटरी जवळपास भरते. आणि चार्जिंग निघायच्या थोडं आधीच संपेल असं लावा. नुकतीच चार्ज झालेली बॅटरी कोमट असते, पहाटेच्या गारव्यात तेवढाच फायदा.

एडिसनच्या बॅटरीचं पुढे काय झालं? मोटारीत ती हरली, पण खाणकामगारांच्या दिव्यांत, रेल्वेच्या सिग्नलमध्ये, मालवाहू गाड्यांत तिने चांगला पैसा मिळवून दिला. त्याच्या मृत्यूनंतरही चाळीसेक वर्षं ती बनत राहिली. १८ ऑक्टोबर १९३१ ला, चौऱ्याऐंशीव्या वर्षी तो गेला तेव्हा रस्त्यांवर फोर्डच्या पेट्रोल गाड्यांचं राज्य होतं. शेवटची वर्षं त्याने गवतासारख्या एका रोपातून रबर काढता येतं का, हे शोधण्यात घालवली. तेही जमलं नाही.

त्याची थंडीची अडचण त्याने स्वतःपुरती मात्र सोडवली होती. न्यूजर्सीत बर्फ पडायला लागला की तो फ्लोरिडातल्या फोर्ट मायर्सला जायचा. उबदार हवा, नारळी-पोफळीसारखी ताडाची झाडं, समोर समुद्राला मिळणारी रुंद नदी. साळावच्या पुलावरून कुंडलिका दिसते तसंच काहीसं. शेजारचं घर फोर्डने घेतलं होतं. बागेत भारतातून आणलेला वड लावला होता, तो आता प्रचंड पसरलाय. आणि धक्क्याला बॅटरीवर चालणारी एक लाँच बांधलेली असायची. तिचं नाव, हसू नका, ‘रिलायन्स’. तिच्यात बसून तो मासे धरायला जायचा.